लोणी गावची शिरगणती

पेशवाईचे कागद पुण्यात कोट्यवधी आहेत. पेशवे दप्तरातले रुमाल सोडून वाचायला बसले तर एक जन्म पुरायचा नाही. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतले कागद पंचेचाळीस भागांत छापले, आणि तेही 'निवडक' म्हणून! या कागदांत काय नाही? मोहिमा आहेत, तहनामे आहेत, हत्तींच्या खुराकाचा आणि घोड्यांच्या चंदीचा हिशेब आहे, श्रावणमासातल्या दक्षिणेच्या रकमा आहेत, सरदारांची कर्जे आणि रुसवेफुगवेही आहेत. पण त्याच काळातल्या एखाद्या साध्या कुणब्याच्या घरात माणसे किती होती, ती सकाळी काय खात, चुलीपाशी भांडी कोणती होती, हे शोधू गेले की हाताला फारसे काही लागत नाही. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाची इथे मोठी पंचाईत होते. शनिवारवाड्यातला दिवाणखाना कसा सजवावा याला शंभर आधार सापडतात. वाड्यात भाजीची पाटी घेऊन आलेली बाई पहाटे कोणत्या घरातून निघाली, तिच्या मागे घरात कोण राहिले, हे मात्र आपल्याच मनाने लिहावे लागते. म्हणून बहुतेकांच्या कादंबऱ्यांत ती बाई देवडीपाशी पाटी उतरवते आणि नाहीशी होते.

नोंदी ठेवायची सवयच आपल्याला नव्हती असे म्हणता येणार नाही. कुलकर्ण्याच्या दप्तरात जमीन होती, विहिरी होत्या, झाडे होती. ज्यावर सरकारला काही बसवता येईल ते सगळे बारकाईने टिपलेले असे. शहरात पेठांची खानेसुमारी होई, म्हणजे घरे मोजली जात. जनगणनेला अगदी आपल्या आजी-आजोबांच्या पिढीपर्यंत खानेसुमारीच म्हणत. परंतु घर मोजणे निराळे आणि घरात डोकावणे निराळे.

इंग्लंडातली गोष्ट या बाबतीत वेगळी आहे. आठवड्याचा बाजार भरतो, भोवतालच्या खेड्यांतून धान्य, लोकर, कोंबड्या येतात, मधोमध चर्च आहे, असे हजार-दोन हजार वस्तीचे एखादे छोटे बाजारगाव तिकडे घेतले तर तिथे कोणत्या साली किती मुले जन्मली आणि किती माणसे पुरली, हे चर्चच्या वहीवरून काढता येते. १५३८ साली आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद प्रत्येक पॅरिशने ठेवावी असा हुकूम निघाला, आणि अनेक ठिकाणच्या वह्या तेव्हापासून आजवर टिकल्या. पुढे फ्रान्सशी युद्ध पेटलेले, धान्य महागलेले, आणि माणसांची वाढ अन्नाच्या वाढीपुढे धावते असे माल्थस नावाच्या पाद्र्याने १७९८ साली सांगून ठेवलेले. अशा वेळी आपल्या देशात तोंडे किती आहेत हे सरकारला कळेनासे झाले, आणि १८०१ साली तिथे पहिली शिरगणती झाली. त्या साली इकडे दुसरा बाजीराव गादीवर होता. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, यशवंतराव होळकराने हडपसरपाशी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडवला. पाठोपाठ लूट आली, आणि १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ आला. किती माणसे मेली हे कोणी लिहून ठेवावे? लिहिणाराच जिथे गाव सोडून पळाला तिथे वही कुठली?

आणि तरीही एका गावापुरती अशी वही आपल्याला मिळाली आहे. ते गाव माझ्या घरापासून पंधरा-वीस किलोमीटरांवर आहे.

आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी दिघीवरून उतरून आमच्या विश्रांतवाडीतून पुण्याकडे जाते, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तो रस्ता सोडून धानोरी, मग लोहगाव, मग वाघोली असे करीत नगर रस्त्याला लागले की पुढे लोणीकंद येते. पुण्याजवळ लोण्या दोन आहेत. सोलापूर रस्त्यावरची लोणी काळभोर आणि नगर रस्त्यावरची ही लोणीकंद. दोन्हींना तिथल्या घराण्यांची आडनावे चिकटून राहिली आहेत. आपल्याला हवी ती दुसरी. हा सगळा मुलूख इतिहासात गाजलेला. लोहगाव हे तुकोबांचे आजोळ. लोणीच्या अंगाला तुळापूर, जिथे १६८९ साली संभाजीराजांचा वध झाला. आणखी पुढे भीमेच्या काठी कोरेगाव, जिथे १ जानेवारी १८१८ रोजी लढाई झाली. मधल्या लोणीत मात्र पुस्तकात घालण्याजोगे काहीच घडले नाही. तिथे माणसे फक्त राहिली.

त्याच वर्षी जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि राज्य बुडाले. पुण्याच्या रेसिडेन्सीत टॉमस कोट्स नावाचा एक इंग्रज डॉक्टर होता. एल्फिन्स्टनच्या भोवती जी चौकस माणसे जमली होती त्यांपैकी हा एक. पेशवाईतल्या पंचायतींचा न्याय कसा चाले यावरही त्याने लिहिले आहे. राज्य पालटल्यावर या डॉक्टराने लोणी गाव निवडले आणि जसा रोगी तपासावा तसे ते तपासले. नाडी, जीभ, झोप, भूक, सगळे. त्याचा निबंध १८२० साली मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे वाचला गेला आणि १८२३ साली सोसायटीच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या भागात छापला गेला. हीच सोसायटी पुढे मुंबईची एशियाटिक सोसायटी झाली. ऐकणारे सगळे साहेबलोक. त्यांतल्या पुष्कळांचा जन्म मी वर सांगितले तसल्या एखाद्या बाजारगावात किंवा खेड्यात झालेला असणार. त्यांच्यासमोर एक मराठी खेडे शेजारी आणून ठेवायचे होते.

दुरून पाहिले तर गाव काही मनात भरण्यासारखे नाही, असे डॉक्टर प्रथमच सांगून टाकतो. ढासळत्या मातीच्या भिंतींचा एक ढीग, त्यातून डोके काढणारी चार लिंबा-पिंपळाची झाडे, भोवती दगडमातीचे गावकूस आणि त्याला दोन वेशी. लोकसंख्या ५५७. घरे शंभराच्या थोडी वर. म्हणजे घरामागे माणसे पाच. एकत्र कुटुंबाच्या ज्या कथा आपण ऐकतो, वीस-पंचवीस पाने एका पंगतीला, त्या वाड्यांतल्या होत्या. लोणीतल्या साध्या घरात पंगत पाचांचीच. आमच्या विश्रांतवाडीत एखाद्या मध्यम सोसायटीत जेवढी माणसे राहतात तेवढी त्या सबंध गावात होती. पण त्यांच्या पायाखाली जमीन किती? ३६६९ एकर. त्यांतली १९५५ एकर लागवडीची आणि बाकीची गायरान-माळ. माणशी साडेसहा एकर! आज हे वाचताना आपल्याला हेवा वाटतो. तो वाटू देऊ नये. कारण जमीन पडून होती ती माणूसबळ, बैल आणि भांडवल कमी म्हणून, आणि पाऊस तर लहरी असायचाच.

शेताला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणण्याची आपली जुनी रीत. लोणीची घरे त्या पांढरीच्याच मातीची, उन्हात वाळवलेल्या विटांची, वर बहुधा धाबे. गावाच्या मातीचीच भिंत आणि ती पडली की पुन्हा गावाचीच माती. घरातल्या सामानाची यादी डॉक्टराने दिली आहे आणि माझ्या मते निबंधाचा सगळ्यांत मोलाचा भाग तो आहे. जाते, मुसळ, पाणी तापवायचे आणि साठवायचे तांब्याचे भांडे, थोडी पितळेची, पुष्कळशी मातीची, तवा, टोपल्या, दिवा, सुंभाने विणलेली बाज, घोंगड्या. बस्स! संसार संपला. त्यात तांब्या-पितळेची भांडी ही नुसती भांडी नव्हेत हे घरातल्या बायकांना वेगळे सांगायला नको. ती घराची बँक असते. अडल्यावेळी पहिला हंडा गहाण पडतो, मग मणी.

शेतकऱ्याचा एक दिवसही त्याने सकाळपासून रात्रीपर्यंत सांगितला आहे. कोंबडा आरवला की कुणबी उठतो, तोंड धुतो, देवाचे नाव घेतो, तंबाखूची चिमूट किंवा एखादा झुरका, आणि बैल सोडून चालू लागतो. वाटेत गवत असेल तर बैल चरत चरत जातात, घाई नाही. न्याहारी फडक्यात बांधून बरोबर घेतलेली, नाहीतर मागून पोर घेऊन येते: ज्वारी-बाजरीची भाकरी, कालचे उरलेले कोरड्यास, कांदा, झाले तर लोणचे. न्याहारीला पाव तास, बैल जुंपलेलेच. मध्यान्हीला बायको जेवण घेऊन आली म्हणजे मात्र बैल सुटतात, पाणी पितात. कुणबी विहिरीच्या काठी, झाड असलेच तर झाडाखाली जेवतो, आजूबाजूचे चार गडी जमून बोलतात, आणि तो घोंगडीवर अर्धा तास पडतो. तेवढ्यात त्याचे उरलेले ती खाते. हे वाक्य डॉक्टराने जाता जाता लिहिले आहे. मी त्यावर अडून बसले. कोंबडा आरवला तेव्हा कुणबी उठला हे खरे. पण त्याच्या न्याहारीची भाकरी ज्या पिठाची, ते जाते कोंबड्याच्या आधी फिरलेले असते. पाणी आलेले असते, झाडलोट झालेली असते, आणि डोक्यावर पाटी घेऊन शिवारापर्यंतची वाट तिने तुडवलेली असते. डॉक्टराच्या दिवसात ती दुपारी बाराला प्रवेश करते. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या बायकांनी तिच्या पहाटेचा इतिहास ठेवला आहे, आणि तो कुठल्याही दप्तरापेक्षा कमी नाही.

संध्याकाळी मात्र हा साहेब मोठा रसिक होतो. बैल बांधले, अंगावर कढत पाणी पडले, देवापुढे हात जोडले, घरातल्या पुरुषांची पंगत उठली, की झोपेपर्यंतची दोन-तीन घटका हीच कुणब्याच्या खऱ्या सुखाची वेळ, असे तो सांगतो. पोरांना खेळवायचे, शेजारी जाऊन बसायचे, मिणमिणत्या दिव्यापाशी किंवा उघड्यावर गावच्या गोष्टी करायच्या. आज वाटेने कोण परके आले-गेले हे वाण्याला नाहीतर वेसकराला विचारायचे. पुण्याला कोणी जाऊन आला असेल तर पेठेतली बातमी ऐकायची. शेताला काम नसते अशा दोन-तीन महिन्यांत सशा-डुकरांची शिकार आणि मासेमारी. ही माणसे आमच्याकडच्या खालच्या वर्गापेक्षा जास्त माहीतगार आहेत आणि वागण्यात कितीतरी अधिक सभ्य आहेत, असा अभिप्राय त्याने देऊन ठेवला आहे. जिंकणाऱ्याने जिंकलेल्याविषयी, तेही ताज्या विजयानंतर, असे लिहावे हे थोडे नवलच.

वेसकराचा उल्लेख वर आला. गावात बातमीचा साठा ज्याच्याजवळ, वेशीत कोण आले कोण गेले हे ज्याच्या डोळ्याखाली, शिवेचा तंटा पडला तर ज्याची साक्ष प्रमाण, तो महार स्वतः गावकुसाच्या बाहेर राहणारा. आत राहणाऱ्यांच्या सीमेची खूण बाहेर राहणाऱ्याने सांगायची! गाडा मात्र सगळा बलुत्यावर चाललेला. सुतार नांगर भरी, लोहार फाळ शेवटी, चांभार मोट शिवी, कुंभार मडकी देई, न्हावी, परीट, गुरव आपापल्या कामी, आणि खळ्यावर रास पडली की प्रत्येकाचा वाटा ठरलेला. दिवाळीत घरोघर जी पोस्त आपण आजही काढून ठेवतो, ती याच व्यवस्थेची उरलेली सावली. या रचनेचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. मला ते जमत नाही. वाटा ठरलेला होता हे खरे, पण काम, घर आणि पाणवठाही जन्मानेच ठरलेला होता, आणि त्यात फेर मागण्याची सोय नव्हती. डॉ. आंबेडकरांनी महार वतनासंबंधीचे बिल १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात आणले तेव्हा त्या 'ठरलेल्या वाट्या'चा अर्थ काय होतो हे त्यांनी पुरते उघड केले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने गेली ती त्यानंतर तीस वर्षांनी.

आता ज्या आकड्यासाठी इतिहासकार पुन्हा पुन्हा या निबंधाकडे जातात तो सांगते. लोणीत शेती करणारी कुटुंबे चौऱ्याऐंशी. त्यांतली अगदी थोडी वगळली तर बाकी सगळी वाणी-सावकारांच्या कर्जात, आणि कर्जाची बेरीज चौदा हजार रुपयांच्या वर. कुटुंबामागे सरासरी पावणेदोनशे रुपये म्हणा. ज्या घरातली भांडी बोटांवर मोजता येतात त्या घरावर पावणेदोनशे रुपये! लग्ने, बैल, बियाणे, आणि सरकारचा हप्ता. कारणे आज शेती करणाऱ्या वाचकांनाही नवी वाटणार नाहीत. बाजीरावाच्या अखेरच्या काळात वसुलाचे मक्ते लिलावाने दिले जात. जास्त बोलीवाला मक्तेदार ती बोली शेतकऱ्याकडूनच भरून काढी, आणि शेतकरी ती सावकाराकडून आणी.

हा आकडा गैरसोयीचा आहे, आणि दोन्ही बाजूंना. पेशवाईत खेडे सुखी-समृद्ध होते आणि सावकारी पाश इंग्रजांनी आणला, असे शाळेतल्या स्पर्धेत भाषण करणारी मुले अजून सांगतात. लोणीचा आकडा त्यांना आडवा येतो. इंग्रज आले आणि कायद्याचे राज्य सुरू झाले असे म्हणणाऱ्यांनाही तो आडवा येतो, कारण कर्ज जुने असले तरी त्याचा फास नव्या राज्यात आवळला. पूर्वी सावकाराला वसुलीसाठी गावाच्या भिडेवर, पाटलावर, पंचायतीवर अवलंबून राहावे लागे. मिरासीची जमीन सहसा हाताबाहेर जात नसे; गेली तरी मिरासदाराचा हक्क गाव पुष्कळ वर्षे मानी. नव्या दिवाणी कोर्टात कागद तेवढा बोलायचा. ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा, आणि ज्याला येते त्याचे व्याज. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि खते जाळली, त्या दिवसापर्यंतची वाट लोणीच्या या चौदा हजारांपासून सरळ दिसते. मग कमिशन बसले, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. सगळे आग लागल्यानंतर.

डॉक्टराने आकडा तर साठ वर्षे आधीच दिला होता. मग त्याचे काय झाले? इंग्लंडातही एका माणसाने असाच घराघरांतला हिशेब काढला होता. एड्विन चॅडविकने १८४२ साली मजुरांच्या राहणीविषयी अहवाल दिला. त्यात मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहरात मजुराच्या घरी मरणाचे सरासरी वय सतरा, आणि रटलंडसारख्या बाजारगावे-खेड्यांच्या चिमुकल्या परगण्यात मजुराचेच वय अडतीस, असे आकडे शेजारी शेजारी मांडले. मँचेस्टरातला धनिकही अडतीसच वर्षे जगत होता. म्हणजे खेड्यातला मजूर आणि शहरातला शेटजी एका तागडीत! हे वाचून तिकडच्या लोकांची झोप उडाली, आणि सहा वर्षांत सार्वजनिक आरोग्याचा पहिला कायदा झाला. गटारे, नळ हळूहळू आले. लोणीचा निबंध मात्र मुंबईत वाचला गेला, टाळ्या पडल्या असतील, छापला गेला आणि कपाटात गेला. सरकारने त्यानंतर मोजायला घेतली ती जमीन. पुणे जिल्ह्यात प्रिंगलसाहेबाने पहिली पाहणी केली. गणित बारीक, पण आकारणी इतकी भारी की शेतकरी गावे सोडून निजामाच्या हद्दीत गेले. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून ती नव्याने केली आणि तीस वर्षांचा करार बसवला. प्रत्येक शेताला नंबर मिळाला. त्या शेतात राबणाऱ्यांची मुंबई इलाखाभर डोकी मोजायला १८७२ साल उजाडावे लागले.

खुद्द लोणीकडे मात्र एक माणूस पुन्हा वळला. मालवणला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र ज्यांनी उभे केले, ते डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. कोट्सने पाहिलेल्या गावाचे सव्वाशे वर्षांनी काय झाले हे त्यांनी विद्यार्थी बरोबर घेऊन तपासले, आणि १९६० साली लोणीकंदचे 'तेव्हा आणि आता' मांडणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच खेड्याची अशी दोनदा झडती झाली, असे गाव महाराष्ट्रात दुसरे मला माहीत नाही. मराठीत या दोन्ही पुस्तकांची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही. लढाया जिंकणाऱ्या-हरणाऱ्यांचे वंशज असतात, ते भांडतात, म्हणून लढायांची चर्चा होते. भाकरी-कांद्याचे वंशज आपण सगळेच; त्यामुळे भांडायला कोणी उरत नाही.

शिरगणतीची वही हातात धरण्याचा योग मलाही आला आहे. शिक्षकाला तो येतोच. २०१० च्या उन्हाळ्यात घरयादी झाली आणि २०११ च्या फेब्रुवारीत माणसांची मोजणी. घरयादीतले प्रश्न वाचताना मला राहून राहून कोट्सची आठवण होई. भिंत कशाची? छप्पर कशाचे? पिण्याचे पाणी कुठून? दिवा कशाचा? चुलीत काय जाळता? संडास घरात की बाहेर? पुढे रेडिओ, टीव्ही, मोबाईल, सायकल. जाते-मुसळाच्या जागी ही नवी भांडी, एवढाच काय तो फरक. विश्रांतवाडीत एकाच गल्लीत पत्र्याची खोली आणि लिफ्टची इमारत दोन्ही लिहिता येत. पत्र्याच्या खोलीत गेले की बाई माणूस आधी पाणी पुढे करी आणि मग 'काय मिळणार आहे का बाई यातून?' असे विचारी. इमारतीत दार अर्धेच उघडे. कर्ज किती, हा प्रश्न मात्र आमच्या यादीत नव्हता. दोनशे वर्षांपूर्वीच्या डॉक्टराने तो विचारला होता.

जनगणनेत कळलेली माहिती गुप्त ठेवायची असते, ती मी ठेवणारच. पण काम आटोपल्यावर चहा पिताना जे बोलणे झाले ते काही वहीत गेले नाही, म्हणून सांगते. एका घरी आजीबाई होत्या, सत्तरीच्या पुढच्या. माहेर विचारले तर म्हणाल्या, "लोणीकंद." मी एकदम सावरून बसले. कोट्सने लिहिले आहे की तिथली काळी थळांत आणि शेतांत वाटलेली होती आणि प्रत्येकाला आपापले नाव होते. मी म्हटले, "आजी, तुमच्या माहेरच्या रानांना नावं होती का हो?"

"तर! नावाबिगर रान असतं का?" त्या म्हणाल्या, आणि बोटे मोडीत सांगू लागल्या. चिंचेचे, आडावरचे, खालची पट्टी, म्हसोबाचे, मधला तुकडा. मधेच सुनेला म्हणाल्या, "अगं, बाईंना अजून घोटभर दे." मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कारण एक नाव राहिले होते.

जमिनीचे तुकडे जोडण्याचा कायदा १९४७ साली झाला. त्याप्रमाणे गावोगाव एकत्रीकरण झाले, सर्व्हे नंबर गेले आणि सातबाऱ्यावर गट नंबर आले. वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत गेली आणि त्या बाजूचा शहराचा काठ लोणीच्या जवळ सरकला. नगर रस्त्यावर तिथे आता गोदामे आहेत, मालमोटारींची रांग आहे, अंगच्या टेकड्या फोडणाऱ्या खाणींची पांढरी धूळ बाभळींवर बसलेली असते. २०२१ ला व्हायची जनगणना कोरोनामुळे लांबली. आजीबाईंना शेवटी राहिलेले नाव काही आठवले नाही. "भावाला इचारून सांगते," असे म्हणाल्या. तो अजून तिकडेच राहत होता.